म्यानमारचा माल मागवताना विक्रेता कसा तपासाल

उडीद-तूर म्यानमारहून मागवणाऱ्या व्यापाऱ्यांची कागदपत्रं मी मुंबईत तपासते. अमेरिकेचे निर्बंध सगळ्या देशावर नाहीत, ठरावीक माणसं, कंपन्या आणि बँकांवर आहेत. म्हणून आधी माणसं शोधा.

निर्बंध असलेल्यांची अमेरिकी अर्थखात्याची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. आडनावावर मात्र विसंबू नका, बर्मी लोकांत आडनाव नसतंच. म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी बंडाचे सूत्रधार मिन आंग ह्लाइंग डिसेंबर 2019 मध्येच यादीत आले होते, बंडासाठी फेब्रुवारी 2021 मध्ये पुन्हा आले, त्याच मार्चमध्ये त्यांचा मुलगा आंग प्याए सोन आणि मुलगी खिन थिरी थेट मोन. नावांवरून नातं कळतं का? जन्मतारीख जुळवा.

मग विक्रेत्याकडून भागधारकांची नावं मागा आणि बेरीज करा. यादीतल्या एकाचे 30 टक्के, दुसऱ्याचे 20, म्हणजे 50 भरले. यादीतल्यांचा वाटा मिळून 50 टक्के किंवा जास्त झाला की कंपनीचं नाव यादीत नसलं तरी ती अडकलीच. ही बेरीज टाळणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण तो पैसा थेट लष्कराच्या खिशात जातो.

बँकही विचारा. म्यानमारची सरकारी म्यानमा फॉरेन ट्रेड बँक जून 2023 मध्ये यादीत आली. डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमार्गे होतो आणि पैसे तिथेच गोठतात. 2025 मध्ये काही नावं वगळलीही गेली, तेव्हा सही करायच्या दिवशी यादी पुन्हा उघडा.