गल्लीतल्या चायनीज हॉटेलात घरगुती चिनी जेवण कसं जेवावं

बेळगावातली टिळकवाडी असो, शहापूर असो की तिकडे निपाणी, संध्याकाळ झाली की चायनीजच्या कढईचा खणखणाट कानावर येतोच. आपण आत शिरतो आणि मेनूकार्ड न उघडताच सांगून मोकळे होतो, एक गोबी मंचुरी, दोन ट्रिपल राईस. ते चवीचं असतंच. मंचुरियन तर मुळात आपल्याच देशातला पदार्थ. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी तो पहिल्यांदा केला असं सांगतात. पण चीनमधल्या घरांत रोज रात्री जे शिजतं ते याहून कितीतरी हलकं आणि साधं असतं. ते आपल्या गल्लीतल्या कढईवरही होऊ शकतं, फक्त मागायची पद्धत बदलावी लागते.

आधी वेळ सांभाळा

सात-साडेसातला जा. आठनंतर पार्सलची झुंबड उडते आणि मग आचाऱ्याला मान वर करायला सवड नसते. शनिवार-रविवार तर नकोच. स्वयंपाकाची जागा बाहेरून दिसते असं हॉटेल निवडा आणि बसण्याआधी मिनिटभर उभं राहून बघा. चांगला आचारी प्रत्येक ऑर्डरनंतर कढईत पाणी ओततो, ब्रशने घासतो, ते पाणी फेकतो, कढई पुन्हा धूर येईपर्यंत तापवतो आणि मगच तेल घालतो. तसं होत नसेल तर साध्या परतलेल्या भाजीला आधीच्या शेजवानचा वास लागणार हे नक्की.

भात मधोमध, बाकी सगळं त्याच्याभोवती

या जेवणाचं सगळं मर्म इथे आहे. दक्षिण चीनमधल्या घरात टेबलावर प्रत्येकाला साध्या भाताची एक वाटी असते आणि मधे तीन-चार पदार्थ सगळ्यांचे मिळून. फ्राईड राईस हा तिथे उरलेल्या भाताचा पदार्थ. त्यामुळे फ्राईड राईस आणि नूडल्स आज बाजूला ठेवा, साधा पांढरा भात सांगा. लांब दाण्याच्या मोकळ्या बासमतीपेक्षा इंद्रायणीसारखा मऊ, किंचित चिकट भात यासोबत छान लागतो. खानापूरकडच्या माणसाला ही चव वेगळी सांगायला नको.

किती पदार्थ मागवावेत? माणसं जितकी तितके, किंवा एक जास्त, असा तिकडचा ढोबळ हिशोब. आपल्याकडची फुल प्लेट दोघांना सहज पुरते, म्हणून चौघांना तीन पदार्थ आणि एक सूप भरपूर झालं. मात्र तिन्ही एकाच जातीचे नकोत. एक हिरवी भाजी, एक अंड्याचा किंवा चिकनचा, एक थोडा रसाचा. तळलेलं फार तर एक. तिन्ही पदार्थ लाल आणि कॉर्नफ्लोअरने दाट झालेले असतील तर चौथ्या घासाला तोंड थकतं.

कार्डावर नसलेलं मागा

टोमॅटो-अंडं हा चीनमधल्या जवळपास प्रत्येक घरातला पदार्थ, आणि आपल्याकडच्या कोणत्याही चायनीज हॉटेलात लागणारं सगळं सामान हजर असतं. आचाऱ्याला असं सांगा: जास्त तापलेल्या तेलात फेटलेली अंडी ओता, फुगली की मोठे मऊ तुकडे करून लगेच काढून घ्या, पूर्ण शिजू देऊ नका. त्याच कढईत टोमॅटोच्या फोडी, मीठ आणि चिमूटभर साखर घाला. टोमॅटोला रस सुटला की अंडी परत टाकून दोनदा हलवा, वरून कांद्याची पात. पाच मिनिटांचं काम. सॉस नाही, मसाला नाही. तो आंबटगोड रस भातात मुरला की लहान मुलंही वाटी पुसून खातात.

दुसरा पदार्थ कोबीचा. कोबी चिरायचा नाही, हाताने तोडायचा. तोडलेल्या खडबडीत कडांना चव जास्त धरते. तेलात लसूण आणि दोन-तीन सुक्या मिरच्या तडतडवायच्या, आच मोठी ठेवून कोबी परतायचा आणि शेवटी कढईच्या कडेने चमचाभर व्हिनेगर सोडायचं. तापलेल्या लोखंडावर ते चुर्र होऊन त्याची वाफ भाजीत शिरते. पान दाताखाली करकरलं पाहिजे. मिरची संकेश्वरची असेल तर एकच पुरे, ब्याडगी असेल तर मोकळ्या हाताने घाला. (चीनमधल्या शान्शी प्रांतातलं नावाजलेलं काळं व्हिनेगर ज्वारीपासून करतात. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या भागाला ही गोष्ट आवडावी.)

चिकन घ्यायचं तर तळलेलं नको म्हणून सांगा. पातळ काप, त्यांना थोडं सोया सॉस आणि थोडं कॉर्नफ्लोअर चोळून दहा मिनिटं ठेवायचे, मग आलं आणि पातीच्या कांद्याबरोबर झटपट परतायचे. कॉर्नफ्लोअरच्या त्या पातळ थरामुळे मांस मऊ राहतं.

ज्या हॉटेलात मोमो मिळतात तिथे वाफेचं भांडं असतंच. कारवारचा ताजा मासा हाती लागला असेल आणि मालक ओळखीचा असेल तर वाफवलेला मासा जरूर करून घ्या. अर्धा किलोच्या आतला अख्खा मासा आठ-दहा मिनिटांत होतो. वर आल्याचे बारीक काप आणि पात पसरून कडकडीत तेल ओतायचं, बाजूने सोया सॉस. दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या घरांत मासा असाच खातात आणि माशाची खरी चव यातच कळते, असं माझं ठाम मत आहे.

तिरफळ घरात असेल तर मूठभर खिशात टाकून न्या. बांगड्याच्या आमटीतलं आपलं तिरफळ आणि चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या जेवणात जिभेला झिणझिण्या आणणारी मिरी, दोन्ही एकाच कुळातल्या. दोन्हींतलं काळं बी टाकून फक्त टरफल वापरतात. सिचुआनमधल्या चेंगडू शहराच्या प्रसिद्ध मापो टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या झणझणीत रश्शात, ही मिरी हवीच. त्यातली आंबवलेल्या ब्रॉड बीनच्या दाण्यांची तिखट चटणी इथे मिळणं कठीण, पण टोफू, लसूण, लाल मिरची आणि वरून भाजून कुटलेलं तिरफळ एवढ्यावरही त्या चवीच्या जवळ जाता येतं. टोफू नसेल तर पनीर घालून हा पदार्थ करू नका. पनीर रस पीत नाही.

सूप मागताना कॉर्नफ्लोअर घालू नका म्हणून सांगा. पाणचट वाटेल अशी शंका येते, पण घरचं चिनी सूप पातळच असतं आणि पुष्कळ घरांत ते जेवताना मधेमधे घोट घोट पितात.

आचाऱ्याशी बोला

अनेक ठिकाणी आचारी नेपाळकडचे किंवा ईशान्येकडचे असतात. त्यांच्या घरचं जेवणही असंच हलकं, वाफेचं, भाताभोवतीचं असतं, त्यामुळे तुम्ही साधं मागितलंत तर ते मनापासून करतात. हिंदीत बोला, नावाने हाक मारा. मालक कन्नड बोलणारा असेल तर ‘बण्ण हाकब्याड्री, खारा कम्मी इरली’ (रंग घालू नका, तिखट कमी असू दे) एवढं पुरतं. आपल्यातलाच असेल तर ‘मामा, रंग घालू नकासा, तेल जरा हात राखून’.

रंगाचा आग्रह मात्र धराच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. लाली हवीच असेल तर भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची ती देते, आणि ती आपल्याच भागात पिकते. अजिनोमोटो नको असेल तर तेही आधीच सांगा. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असतं, म्हणून वरून मीठ घेण्याआधी एक घास चाखून बघा.

श्रावण किंवा गुरुवार पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: व्हेज सुपात चिकनचं पाणी तर नाही ना, आणि सॉस ऑयस्टरचा, म्हणजे समुद्रातल्या कालवांचा, तर नाही ना. वेगळी कढई मागायला संकोच करू नका.

जेवताना

चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा घ्या, काहीही बिघडत नाही. जमत असतील तर एवढं पाळा की त्या भातात उभ्या रोवून ठेवायच्या नाहीत. मृतांपुढे भातात उदबत्ती लावतात तसं ते दिसतं आणि चिनी माणसाला ते फार लागतं. मधल्या ताटलीतून थोडं थोडं घ्या, घरातल्या थोरांना आधी वाढा. परतलेले पदार्थ आले की लगेच खा, सगळं टेबल भरायची वाट बघू नका. मोठ्या आचेवरचा तो धुरकट वास काही मिनिटांतच उडून जातो.

पांढरा भात उरला तर पार्सल घ्या, घरी पोचताच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो दाणा दाणा सुटा झालेला असतो. लसूण, एक अंडं, पात आणि मीठ, एवढ्यावर तुमचा फ्राईड राईस घरीच होतो.