नवे हॉकी स्केट्स पायात रुळवताना

नवे स्केट्स, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचे पाती लावलेले बूट, चावतात, हे कॅनडात हॉकी खेळणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं. पण कुठलं चावणं सोसायचं आणि कुठलं मुळीच सोसायचं नाही, हे नीट सांगणारं माणूस क्वचित भेटतं. ‘होतील हळूहळू सैल’ या भरवशावर पाय सोलवटून घेणारी मुलं आणि चाळिशीत स्केटिंग शिकायला उतरलेले त्यांचे आईबाबा रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, दिसतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. यातला बराचसा त्रास टाळता येतो.

आधी माप तपासा

पुढच्या वर्षीही व्हायला हवेत म्हणून एक नंबर मोठा घ्यायची आपली सवय इथे फार नडते. हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबरने लहान असतो. बूट मोठा असेल तर पाय आत उचलला जातो, घोटा आतल्या बाजूला कलतो, आणि मग तो सावरायला लेस इतकी आवळली जाते की पाय बधिर होतो. वाढत्या मुलांसाठीही अर्ध्या नंबरापेक्षा जास्त जागा ठेवू नका.

घरी दोन चाचण्या करा. लेस बांधून सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं बुटाच्या पुढच्या कडक टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. बोटं दुमडावी लागत असतील तर बूट लहान आहे. दुसरी चाचणी बूट किती खोल आहे याची. लेस सैल करा, बुटाची जीभ (लेसखालची पट्टी) पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या छिद्राच्या पातळीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही कडांवर टेकली आणि पायाला लागली नाही, तर ठीक. ती पायावरच अडत असेल, तर बूट तुमच्या पायाला उथळ आहे आणि हे दुखणं सवयीने जाणार नाही. बदलून घ्या. बावर आणि सीसीएम या स्केट्स बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे एकाच नंबरात अरुंद, मध्यम आणि रुंद साचे मिळतात.

मग भाजून घ्या

आजचे बहुतेक स्केट्स उष्णतेने मऊ होऊन पायाचा आकार घेतात. दुकानात त्यासाठी खास ओव्हन असतो. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, मॉडेलप्रमाणे काही मिनिटं. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. तिथे उष्णता सारखी लागत नाही आणि डिंक सुटायची भीती असते.

ओव्हनमधून निघालेला बूट घालताना पातळ मोजे हवेत, जे तुम्ही खेळताना घालणार तेच. टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवा. लेस ओढताना हात बाहेरच्या बाजूला न्या, वर नाही. गरम बुटातून वर ओढलेली लेस छिद्राची कडी उपटू शकते. मग दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसा. उभं राहू नका, चालू नका. नंतर २४ तास बर्फावर जाऊ नका. अर्धवट थिजलेला बूट वाकला की भाजण्याचा सगळा फायदा जातो.

धार

नव्या पात्याला बहुधा खेळण्याजोगी धार नसते, ती लावून घ्यावी लागते. पात्याच्या तळाला लांबीभर खाच असते आणि तिच्यामुळे दोन कडा तयार होतात. खाचेच्या गोलाईची त्रिज्या इंचात सांगतात; अर्धा इंच सर्वसाधारण. आकडा लहान, तर खाच खोल आणि पकड जास्त. आकडा मोठा, तर घसरण मोकळी. जुन्या स्केट्सला जी खाच होती तीच सांगा. बूट आणि धार दोन्ही एकदम बदललं, तर बिनसलंय कशात ते कळत नाही.

घरात, मग बर्फावर

पात्यांना कडक गार्ड (आवरणं) लावून टीव्ही बघताना स्केट्स घाला. बसा, मध्येच उभे राहा, गुडघे पुढे वाकवा. इथे पायाला नवा घट्टपणा ओळखीचा होतो.

पहिल्यांदा बर्फावर जाल ते सर्वांसाठी मोकळ्या असलेल्या स्केटिंगच्या वेळेत, सामन्यात नाही. अर्धा तास पुरे. सर्वात वरचं छिद्र सोडून लेस बांधा. नवा बूट कडक असतो, आणि ते छिद्र सोडल्यामुळे घोट्याला पुढे वाकायला जागा मिळते. पंज्यापाशी लेस नुसती बसती, मधे जराशी सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट.

नव्या पात्याचा बाक जुन्यापेक्षा वेगळा असतो, कारण वर्षानुवर्षं धार लावून जुनं पातं झिजलेलं असतं. म्हणून पहिल्या फेऱ्यांत पुढे फेकलं गेल्यासारखं किंवा मागे ओढल्यासारखं वाटेल. घाबरू नका. आधी दोन्ही पायांवर सरळ घसरत जा, मग एकेका पायावर. मग मोठी वळणं, आणि सर्वात शेवटी दोन्ही बाजूंनी थांबणं. दुबळ्या बाजूने थांबायचा सराव आवर्जून करा, सामन्यात अंग नेमकं तिथेच दगा देतं.

दुखणं ओळखा

तळवा आखडणं, पोटरी भरून येणं, सगळीकडून सारखं आवळल्यासारखं वाटणं: हे चारसहा वेळा जाऊन आलं की कमी होतं. तळवा फारच दुखत असेल तर मधली लेस सैल करून पाहा.

बोटं बधिर होणं किंवा मुंग्या येणं मात्र सोसू नका. लेस सोडूनही ते थांबत नसेल, तर रुंदी चुकली आहे. घोट्याच्या पुढे, जिथे जीभ दुमडते तिथे, लेसचा दाब बसून ठणका लागतो तो वेगळा. तो अंगावर काढला तर आठवडेच्या आठवडे छळतो. वरची लेस सैल करा, त्या जागेवरचं एक छिद्र वगळा आणि जिभेखाली जेलची पट्टी ठेवा. टाचेला फोड येत असेल, तर टाच आत उचलली जाते आहे. घोट्यापाशी लेस घट्ट करूनही थांबलं नाही, तर तो साचाच तुमच्या पायाचा नाही.

एकाच हाडावर टोचत असेल तर त्यावर उपाय आहे. त्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावा आणि अनवाणी पाय बुटात घालून दाबा. आत डाग उमटेल. तो दुकानदाराला दाखवला की तो यंत्राने तेवढाच भाग बाहेर फुगवून देतो. हे काम मिनिटांचं आहे, आणि लोक मात्र सबंध मोसम लंगडत काढतात.

खेळून आल्यावर पातं पुसा, आतला तळ काढून वेगळा वाळवा, पात्यांना कापडी खोळ घाला. कडक गार्ड बॅगेत ठेवलेत तर ओल अडकून गंज धरतो. हीटरसमोर बूट वाळवू नका.

जुने स्केट्स लगेच देऊन टाकू नका. काही आठवडे बॅगेत असू द्या. दोन्ही बाजूंनी विचार न करता थांबता यायला लागलं की नव्यांवर पहिला सामना खेळा. त्यानंतरही एखादी जागा कुरबुरत राहिली, तर स्केट्स दुकानात परत न्या. बरेचसे बूट पुन्हा एकदा भाजता येतात, आणि तोवर नेमकं कुठे लागतं ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल.