बोअरवेलच्या पाण्यातील युरेनियमचा माग कसा काढावा

भूजलात युरेनियम आढळले, की पहिला प्रश्न बहुधा 'ते आले कुठून?' असाच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. ग्रॅनाइट, नाइस, काही वालुकाश्म आणि नद्यांनी वाहून आणलेला गाळ या सर्वांत युरेनियम थोडेबहुत असतेच. भूकवचात त्याचे सरासरी प्रमाण किलोमागे सुमारे २.७ मिलिग्रॅम आहे. ते खडकातच पडून राहील की पाण्यात उतरून वाहू लागेल, हे मुख्यतः त्या पाण्याच्या रसायनावर ठरते. म्हणून आपल्या भागातील भूजलाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा कार्यकर्त्याने युरेनियमच्या आकड्याआधी पाण्याचा संपूर्ण रासायनिक अहवाल समोर ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

अहवालात सर्वप्रथम पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही, ते पाहावे. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम सहा संयुजेच्या, म्हणजे युरेनिल आयनाच्या रूपात असते आणि सहज विरघळते. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात ते चार संयुजेचे होऊन घनरूपात बसते. आफ्रिकेतील गॅबन देशात ओक्लो येथे १९७२ साली सापडलेल्या नैसर्गिक अणुभट्टीतील (जेथे युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुविखंडन घडले होते) बरेचसे युरेनियम सुमारे दोन अब्ज वर्षे जवळजवळ जागच्या जागी टिकले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. ऑक्सिजन मोजण्याचे साधन नसेल, तर लोहाकडे पाहावे. उपसताना नितळ दिसणारे पाणी बादलीत काही वेळ ठेवल्यावर तांबूस होत असेल, तर ते खाली ऑक्सिजनविरहित होते आणि त्यात युरेनियम कमी असण्याची शक्यता अधिक. याउलट नायट्रेट भरपूर असेल, तर सावध व्हावे, कारण खतांतून व सांडपाण्यातून उतरलेले नायट्रेट घनरूप युरेनियमचे ऑक्सिडीकरण घडवून आणण्यास हातभार लावते.

त्यानंतर बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि सामू हे तीन आकडे एकत्र वाचावेत. युरेनिल आयन एरवी लोहाच्या ऑक्साइडांवर आणि चिकणमातीच्या कणांवर घट्ट चिकटतो, विशेषतः सामू सहा-सातच्या आसपास असताना. पण पाण्यात बायकार्बोनेट वाढले, की त्याच्याशी युरेनियमची कार्बोनेट संकुले, म्हणजे पाण्यात विरघळलेले जोडसमूह, बनतात. त्यात कॅल्शियमची भर पडली, तर विद्युतभार नसलेले संकुलही तयार होते. अशा संकुलांना कणांच्या पृष्ठभागाची ओढ फारशी उरत नाही आणि युरेनियम पाण्याबरोबर पुढे निघते. पंजाबच्या माळवा भागात हेच ठळकपणे दिसते. तेथील पाण्यात युरेनियम आढळल्यावर औष्णिक वीज केंद्रांच्या राखेकडे बोट दाखवले गेले, परंतु युरेनियमचे प्रमाण बायकार्बोनेट आणि एकूण क्षार यांच्यासह वाढत जाते, असे अनेक अभ्यासांत आढळले. कालव्यांच्या सिंचनाचे पाणी, मुळांच्या पट्ट्यातील कार्बन डायऑक्साइड आणि मातीतील चुनखडीचे खडे यांतून बायकार्बोनेट तयार होते आणि तेच गाळातील युरेनियम सोडवते. येथे धडा असा, की स्रोत नैसर्गिक असला, तरी त्याला चालना देणारी परिस्थिती मानवनिर्मित असू शकते.

नमुना घेताना केलेली हयगय पुढे कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. पंप सुरू करून पाण्याची विद्युतवाहकता व सामू स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्यावे, कारण नळीत साठलेले पाणी जलधराचे, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थराचे, प्रतिनिधित्व करत नाही. मग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळून शुद्ध नायट्रिक आम्लाने त्याचा सामू दोनच्या खाली आणावा. नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि अहवालात ते कमी दिसते. मात्र बायकार्बोनेटसाठी दुसरी, आम्ल न घातलेली बाटली काठोकाठ भरून घ्यावी. आम्ल घातलेल्या बाटलीतील बायकार्बोनेट वायू होऊन निघून जाते, ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते. सामू आणि ऑक्सिजन विहिरीवरच मोजावेत. प्रयोगशाळेत एलईडी फ्लोरीमीटर वापरत असतील, तर त्यात युरेनिल आयनाच्या हिरव्या प्रकाशाची तीव्रता मोजली जाते.

युरेनियमबाबतचा निष्कर्ष त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासाच्या साखळीतील इतर मूलद्रव्यांना जसाच्या तसा लावू नये. १६०० वर्षे अर्धायुष्य असलेले रेडियम-२२६ ऑक्सिजनविरहित आणि खारट पाण्यात अधिक सुटे होते, म्हणजे जेथे युरेनियम थांबते तेथेच ते चालू लागू शकते. थोरियम सामान्य पाण्यात जवळपास विरघळतच नाही. रेडॉन-२२२ हा वायू असल्याने रासायनिक अडथळे मानत नाही, परंतु ३.८ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे त्याला फार लांब जाता येत नाही.

मानवनिर्मित समस्थानिकांचा प्रवास मोजायचा असेल, तर विलंब गुणकाचे, म्हणजे एखादा पदार्थ पाण्यापेक्षा किती पट सावकाश सरकतो याचे, गणित शिकून घ्यावे. मातीची घनता भागिले सच्छिद्रता, गुणिले वितरण गुणांक (मातीला चिकटलेल्या पदार्थाचे पाण्यात उरलेल्या प्रमाणाशी असलेले गुणोत्तर), अधिक एक: हा विलंब गुणक. समजा, घनता घन सेंटिमीटरला १.८ ग्रॅम, सच्छिद्रता ०.३ आणि भूजलाचा वेग वर्षाला ३० मीटर आहे. टेक्नेशियम-९९ ऑक्सिजनयुक्त पाण्यात जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे ते पाण्याच्याच वेगाने जाते. स्ट्रॉन्शियम-९० साठी वितरण गुणांक ग्रॅममागे १० मिलिलिटर धरला, तर गुणक ६१ येतो आणि १०० मीटर अंतराला सुमारे २०० वर्षे लागतात, २८.८ वर्षांच्या अर्धायुष्याने तोपर्यंत त्याचा एक टक्क्याहून कमी अंश उरतो. सीझियम-१३७ साठी तोच गुणांक १००० धरल्यास वेग वर्षाला जेमतेम ५ मिलिमीटर होतो. युरेनियमसाठी मात्र असा एकच गुणांक वापरणे चुकीचे ठरते, कारण बायकार्बोनेट बदलताच तो कित्येक पटींनी बदलतो.

या गणिताच्याही मर्यादा आहेत. अमेरिकेतील नेवाडा येथे १९६८ साली झालेल्या 'बेनहॅम' या भूमिगत अणुस्फोटातील प्लुटोनियम १.३ किलोमीटर अंतरावरील भूजलात आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. विरघळून इतके दूर जाणे त्याला अशक्यप्राय होते. ते पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून गेले होते. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वेगळी अडचण आहे. तेथे पाणी सच्छिद्र वाळूतून नव्हे, तर भेगांतून वाहते, आणि वरील सूत्र भेगांना सरळ लागू होत नाही. त्याच खडकाच्या पोकळ्यांत मात्र ह्युलंडाइट, स्टिल्बाइट यांसारखे झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म पोकळ्या असलेली खनिजे, भरलेले असतात आणि झिओलाइटांत सीझियम व स्ट्रॉन्शियम पकडून ठेवण्याची क्षमता असते.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ते किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडांवरील रासायनिक परिणाम लक्षात घेऊन ठरवलेले आहे. पाणी उकळून युरेनियम कमी होत नाही, उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण वाढते. आरओ यंत्र ते चांगले काढते, परंतु त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते साठलेले असते. ते पाणी विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडू नये. एका नमुन्यावर निर्णय न घेता पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, त्याच खोलीवरून, त्याच पद्धतीने पुन्हा नमुना घ्यावा आणि युरेनियमच्या आकड्याशेजारी बायकार्बोनेट व नायट्रेटचे आकडेही नोंदवावेत.