समुद्र दूर असला तरी हरिकेनची तयारी कशी करायची

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री हेलेन हे हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्थ कॅरोलायनातलं अ‍ॅशव्हिल पाण्याखाली गेलं. मध्ये सरळ रेषेत सुमारे 600 किलोमीटर जमीन, शिवाय शहर साडेसहाशे मीटर उंचीवर. अटलांटा, शार्लट, रॅली इथल्या मराठी घरांनी हरिकेन ही फक्त मायामीवाल्यांची काळजी समजू नये.

कोमट समुद्राचं पाणी हे हरिकेनचं इंधन. वादळ जमिनीवर आल्यावर हे इंधन तुटतं आणि वारा काही तासांतच उतरायला लागतो. पण वादळ घाईत असेल तर उतरायच्या आधीच बरंच आत पोचतं. 1989 मध्ये ह्यूगो मध्यरात्री चार्ल्स्टनजवळ किनाऱ्यावर आलं आणि पहाटे शार्लटमध्ये ताशी सुमारे 140 किलोमीटरचे झोत होते. पावसाचं गणित तर वेगळंच. वारा मेला तरी बाष्प शिल्लक असतं आणि डोंगर आडवा आला की ते तिथेच रिकामं होतं. घाटमाथ्यावरचा पाऊस पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून बातम्यांमधल्या कॅटेगरीच्या आकड्यावर जाऊ नका, तो फक्त वाऱ्याचा असतो. नकाशावरचा पांढरा शंकूही वादळाचं केंद्र कुठून जाईल एवढंच दाखवतो. पाऊस त्याच्या बाहेर कितीतरी लांब पडतो. आतल्या भागात राहणाऱ्यांनी वेदर प्रेडिक्शन सेंटर या अमेरिकेच्या सरकारी हवामान केंद्राचा अतिवृष्टीचा नकाशा उघडावा. त्यात तुमच्या भागावर ‘मॉडरेट’ किंवा ‘हाय’ दिसलं, की तयारी त्याच दिवशी. आधीचे दोन-तीन दिवस पाऊस झाला असेल तर धोका दुप्पट धरा: भिजलेली जमीन पाणी पीत नाही आणि झाडाची मुळंही धरून ठेवत नाही. बुंध्याभोवती मातीला भेग दिसली किंवा एका बाजूची माती उचललेली वाटली, तर त्या झाडाच्या बाजूच्या खोलीत झोपू नका.

पुराचा विमा मात्र आजच बघा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर सहसा नसतो आणि सरकारी पूरविमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव पडल्यावर फोन केला तर उशीर झालेला असतो.

बेसमेंटमध्ये संप पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) असेल तर आदल्या दिवशी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तरंगता स्विच वर उचलला जाऊन मोटर सुरू झाली पाहिजे आणि पाणी घरापासून लांब पडलं पाहिजे. पंप बरेचदा वीज गेल्यामुळे बंद पडतो, म्हणून बॅटरीचा बॅकअप हवाच. पावसाच्या रात्री बेसमेंटमध्ये कुणालाही झोपवू नका. 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरातल्या घरांत माणसं बुडाली. हरिकेनच्या पावसाच्या पट्ट्यांमध्ये टोर्नेडोही होतात. इशारा आला आणि तळघरात पाणी शिरत असेल, तर तळमजल्यावरची बिनखिडक्यांची बाथरूम किंवा कपाटाची खोली गाठा.

पाणी माणशी रोज एक गॅलन (सुमारे 3.8 लिटर). तीन दिवसांचं तरी हवं असं सगळे सांगतात, पण डोंगराळ भागात दोन आठवड्यांचं ठेवावं. अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्यायोग्य पाणी परत यायला 53 दिवस लागले. बाथटब भरताना रात्रभर गळतो का ते आधी तपासा, नाहीतर सकाळी टब कोरडा. हे पाणी फ्लशसाठी: दीड गॅलन एका दमात कमोडमध्ये ओतायचं, हळूहळू ओतलं तर काहीच जात नाही.

फ्रीज बंद ठेवला तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा रिकामा 24. रिकाम्या जागेत बाटल्या गोठवून ठेवा. जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान 20 फूट लांब. त्याचा धूर विषारी असतो, गराजचं दार उघडं ठेवून आत चालवणं हा मरणाचा रस्ता आहे. आणि वाहत्या फूटभर पाण्यातसुद्धा गाडी तरंगते.

नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर एक मिनिट खळखळ उकळा. इंधन नसेल तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात बिनवासाचं 6 टक्के ब्लीच, गॅलनला आठ थेंब, ढवळून अर्धा तास थांबा. थोडासा क्लोरीनचा वास यायला हवा. नसेल तर तेवढेच थेंब परत टाकून पंधरा मिनिटं थांबा. पुराच्या पाण्यात डिझेल किंवा रसायनं मिसळली असतील तर उकळून किंवा ब्लीच टाकून ती जात नाहीत. ते पाणी फक्त फ्लशला.