कथास्पर्धेला कथा पाठवताय? या चुका टाळा

आमच्या नाशिकच्या लेखनगटाच्या कथास्पर्धेचा निकाल २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी लागतो. आलेल्या कथा पहिल्यांदा मी वाचते, आणि दरवर्षी त्याच चुका भेटतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो माहितीच्या चुकीने वाया गेलेल्या कथेसाठी. मागे द्राक्षबागेवरची एक कथा आली होती. बापलेकाचं भांडण इतकं खरं उतरलं होतं की मी ती दोनदा वाचली. पण कथेत गारपीट होऊन पिकलेले घड झडले, तेही जूनमध्ये! आमच्या एक परीक्षक निफाडकडच्या, घरची बाग असलेल्या. त्या म्हणाल्या, "एप्रिलात वेल छाटून काढायची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, मग जानेवारीपासून माल. सटाण्याकडची लवकरची बाग धरली तरी जूनमध्ये घड कुठून आले?" सगळी कथा त्या गारपिटीवर उभी होती, त्यामुळे बक्षीस हुकलं. तीच गारपीट मार्चात घेतली असती, व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला, दोन दिवसांवर काढणी, तर कथा कितीतरी पुढे गेली असती.

नेटवर पाहून लिहिलं, असं नवे लेखक सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्याच्या कामावर लिहिलंय, त्याला बसवून कथा वाचून दाखवा. सातपूरच्या कारखान्यातली पाळी असो की पंचवटीतली पूजा, तो माणूस कुठे अडतो ते पाहा. मी अजूनही असंच करते.

दुसरं, फॉन्ट. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेली फाइल आमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा चिखल होऊन उघडते, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. युनिकोडमध्येच टाइप करा. कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासा. तिथेच मोडतोड होते. सोबत पीडीएफही जोडा.

कथेच्या पानावर नाव घालू नका, परीक्षकांना ते दिसता कामा नये. शब्दमर्यादा पाळा. तीन पिढ्यांची कादंबरी कथेत कोंबू नका. 'आणि त्याला जाग आली' हा शेवट नको.

शेवटच्या रात्री लिहून लगेच पाठवलेली कथा पहिल्याच पानावर ओळखू येते. निदान आठवडाभर ती बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. पाठवल्यावर फाइल उघडली का, एवढं जरूर विचारा. कथा कशी वाटली, हे निकालानंतर.