इंग्रजी वाचन शिकवताय? या चुका टाळा

शिक्षक होण्यासाठी शिकणारे छात्राध्यापक वर्गावर सराव पाठ घेतात, आणि त्या पाठांच्या वहीतले निरीक्षकांचे शेरे वर्षानुवर्षं तेच असतात. 'आदर्श वाचन स्पष्ट. अनुवाचन घेतले. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले.' (आदर्श वाचन म्हणजे शिक्षकानं वाचून दाखवणं, अनुवाचन म्हणजे वर्गानं त्याच्यामागून म्हणणं.) तिन्ही गोष्टी टाचणाप्रमाणे, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याप्रमाणे, झालेल्या असतात आणि मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना तो उतारा तरीही वाचता येत नाही. टाचणात शिक्षकानं काय करायचं ते लिहिलेलं असतं. त्या वेळी मुलाची नजर कुठे होती, याला रकाना नसतो. खालच्या बहुतेक चुका त्या नसलेल्या रकान्यातल्या आहेत.

अनुवाचन म्हणजे वाचन नव्हे

एक पाठ बघा. सहा ओळींचा उतारा. छात्राध्यापिका एकेक ओळ म्हणते, वर्ग मागून म्हणतो. तिसऱ्या फेरीला तिनं पहिला शब्द उच्चारला की उरलेली ओळ वर्गच एका सुरात पूर्ण करतो. ती खूश. निरीक्षकांशेजारचा मुलगाही खणखणीत आवाजात म्हणतोय, 'द हेन रॅन टू द पॉन्ड.' ओळ दुसरी, त्याचं बोट चौथीवर. निरीक्षक हळूच विचारतात, "यात 'पॉन्ड' कुठंय?" मुलगा बोट पहिल्या ओळीवर नेतो आणि तोंडातल्या तोंडात सुरुवातीपासून म्हणत पुढे सरकतो. बोट शब्दांवरून नाही, तालावर पुढे जातं. थांबतं ते 'अंडर'वर. मुलगा वर बघतो. त्याच्या मते उत्तर बरोबर आहे.

त्याला उतारा पाठ होता. पाठ होणं वाईट नाही, पण त्याला वाचन समजून पुढचा घटक सुरू करणं वाईट. पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे: तीच ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायला सांगा. किंवा ओळीतले चार शब्द कार्डांवर लिहून, पिसून, एकेक दाखवा. जो खरंच वाचतो त्याला फरक पडत नाही. जो म्हणतो तो तिथेच गप्प होतो.

अनुवाचन दोनदा पुरे, तेही बोट शब्दाखाली ठेवून. त्यानंतर ओळीची पट्टी कापून शब्द सुटे करावेत आणि मुलांनी ते परत लावावेत. वेळ जातो, हो. पण एका सुरातल्या गजरानं वेळ वाचतो असं वाटणं हा नवशिक्याचा सगळ्यात आवडता भ्रम आहे.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे पाळीपाळीनं एकेक ओळ वाचून घेणं. 40 मुलं आणि वाचनाला 20 मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 30 सेकंद. बाकीची साडेएकोणीस मिनिटं तो आपली ओळ कुठली येणार हे मोजत बसतो. त्यापेक्षा सगळ्यांना जोडीनं कुजबुजत वाचू द्या आणि तुम्ही फिरून रोज 5 मुलांचं नीट ऐका. 8 तासिकांत वर्ग पूर्ण होतो. नावापुढे एकच शब्द लिहायचा: कुठे अडलं.

'ब' म्हणू नका, 'ब्' म्हणा

ही चूक मराठी बोलणाऱ्यांची खास आहे, म्हणून तिला जागा जास्त.

अक्षरांची नावं घोकून शब्द वाचता येत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. 'बी-ए-टी' कितीही भरभर म्हटलं तरी 'बॅट' होत नाही. म्हणून छात्राध्यापक ध्वनींकडे वळतात आणि तिथे नवा खड्डा खणतात. आपल्या वर्णमालेत 'ब' म्हणजे 'ब्' अधिक 'अ'. ती सवय घेऊन आपण 'ब, ॲ, ट' असं शिकवतो. मूल इमानदारीनं जोडतं आणि त्याच्या तोंडून येतं 'बअॲटअ'. हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. मुलाची चूक नाही. त्याला दिलेले तुकडेच जादा लांबीचे होते.

उपाय पाय मोडण्याचा. प्रत्येक व्यंजन हलन्त म्हणा: स्, म्, न्, फ्. सुरुवात अशा ध्वनींनी करा जे ताणता येतात. 'स्स्स्ॲॲॲम्म्म्' असं न थांबता सरकत जाता येतं, आणि 'सॅम' आपोआप ऐकू येतं. 'ब्', 'ट्', 'क्' ताणता येत नाहीत; ताणायला गेलात की 'अ' चिकटलाच. असे ध्वनी आधी शब्दाच्या शेवटी आणा ('सॅट', 'मॅट'), सुरुवातीला नंतर. ध्वनिपद्धतीच्या अनेक अभ्यासक्रमांत एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी येतात, कारण एवढ्यांतूनच 'सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन' असे कितीतरी शब्द बनतात. ए, बी, सी, डी या क्रमानं गेलात तर चार अक्षरांत 'कॅब', 'डॅब', 'बॅड' अशा मोजक्याच शब्दांवर गाडी थांबते.

अक्षर दाखवण्याआधी तीन-चार मिनिटं नुसतं कानांनी खेळा. तुम्ही 'फ्-ॲ-न्' म्हणा, मुलांनी 'फॅन' म्हणायचं. मग उलट: तुम्ही 'नेट', त्यांनी तुकडे. ज्या मुलाला कानांनी जोडता येत नाही त्याला अक्षरं दाखवून जोडता येणार नाही. ही पायरी 'यात काय शिकवण्यासारखं आहे' म्हणून गाळली जाते आणि पुढे महिनाभर तिची किंमत मोजावी लागते.

स्वरांकडे लक्ष हवं. 'पेन' आणि 'पॅन', 'बेड' आणि 'बॅड' आपल्यापैकी बरेच जण एकसारखेच उच्चारतात. आधी स्वतःचा उच्चार रेकॉर्ड करून ऐका. शिक्षकाच्या तोंडात फरक नसेल तर मुलाच्या कानात तो येणार कुठून?

बी आणि डी एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं आणा.

शब्दांवर देवनागरी

ज्या मुलाच्या पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठी उच्चार लिहिलेला असतो, ते मूल मराठी वाचतं. डोळा सोप्या लिपीकडेच जाणार. शिवाय व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व' होतात, आणि अक्षर व ध्वनी यांची गाठ पडतच नाही. (हा लेख इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितोय, ते वाचणाऱ्याला ते आधीच येतात म्हणून.) उच्चार लिहिण्याऐवजी अडणाऱ्या जोडीखाली रेघ मारा: 'शिप'मध्ये एस-एच एकत्र, 'किंग'मध्ये एन-जी एकत्र. शेवटचा ई गप्प राहून आधीच्या स्वराचं नाव बोलवतो, हे 'कॅप-केप', 'किट-काइट', 'हॉप-होप' अशा जोड्यांत दाखवा. नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका.

'सेड', 'वॉज', 'ऑफ' (ओ-एफ) हे शब्द नियमात बसत नाहीत, म्हणून ते सगळेच 'बघून पाठ करा' म्हणणंही आळसाचं. 'सेड'मधला एस आणि डी अगदी सरळ आहेत. आडमुठं फक्त मधलं ए-आय. तेवढ्यालाच लाल खडू. असे शब्द आठवड्याला दोन-तीन, जास्त नाही.

आणखी काही, थोडक्यात

नुसती कॅपिटल अक्षरांची कार्डं करू नका. पुस्तक स्मॉल अक्षरांत असतं.

छापील ए आणि हाताचा ए वेगळे दिसतात, तसंच जी. हे एकदा शेजारीशेजारी दाखवा, नाहीतर हुशार मूलसुद्धा तिथे अडकतं.

मूल अडखळलं की लगेच शब्द सांगू नका. मनात तीन आकडे मोजा. आणि प्रत्येक चूक दुरुस्त करू नका: 'हॉर्स'चं 'हाऊस' झालं तर वाक्य संपल्यावर परत आणा, 'द'चं 'अ' झालं तर सोडून द्या.

'सेड'सारखा एक शब्द दहादा लिहायला लावणं ही हाताची कसरत आहे. पाचव्या ओळीपासून मूल आधी उभा स्तंभ एसचा भरतं, मग ए-आयचा.

शब्दांची यादी आणि 'समजलं का?'

धड्याआधी फळ्यावर 15 कठीण शब्द, समोर मराठी अर्थ, मुलं उतरवून घेतात, फळा पुसला जातो. 'शॅलो – उथळ.' ज्या मुलाला 'उथळ'च माहीत नाही त्याला एका अनोळखी शब्दाऐवजी दोन मिळाले.

आधी निवड करा. 120 शब्दांच्या उताऱ्यात 12 अनोळखी असतील तर दहातला एक शब्द अडतो. हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार कथा मदतीशिवाय नीट समजायला सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे इथे दोन-तीनच अनोळखी चालतील. बाराच्या बारा शिकवणं हा उपाय नाही; असा उतारा एकट्यानं वाचायला देऊच नये. सोबत वाचताना पाच निवडा: ज्यांच्यावाचून गोष्ट अडते आणि जे उद्या दुसऱ्या धड्यातही भेटतील. उरलेल्यांचा अर्थ वाचता वाचता सांगून पुढे जा. एखाद्या जहाजाच्या भागाच्या नावासाठी दहा मिनिटं घालवणारे पाठ असतात, आणि त्याच धड्यात 'अलाऊ' हा शब्द कुणीच उचलत नाही.

मग शिकवा. 'बॉरो' घ्या. एका मुलाची पेन्सिल मागून घ्या, लिहा, परत करा, वाक्य म्हणा. मुलांना तीनदा म्हणू द्या. आणि आता तो प्रश्न विचारू नका. 'समजलं का?' याला वर्गाचं उत्तर 'होऽऽ' असतं. नाही म्हणण्याचा धीर कुणात नसतो. विचारायचं ते असं: पेन्सिल कुणाची? मी ती ठेवून घेणार का? पैसे दिले का? तीन उत्तरं बरोबर आली की शब्द पोचला. मग हवं तर 'उसनं घेणं' म्हणा, एकदाच. 'लेंड' त्याच दिवशी आणू नका. विरुद्ध आणि जोडीचे शब्द एकदम शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. 'लेफ्ट-राइट'चा गोंधळ बहुतेक वेळा शिक्षकानं घातलेला असतो.

'वर्गात मराठीचा शब्दही नको' हेही सोंगच. 'ऑनेस्ट'साठी चार मिनिटं अभिनय करून वर्गाला 'हसरा' असं वाटणार असेल, तर 'प्रामाणिक' म्हणा आणि पुढे व्हा. मात्र 'लावणे'सारख्या शब्दांपासून सावध. दिवा, रोप, औषध, दार, सगळं मराठीत 'लावतात'. इंग्रजीत प्रत्येकाला क्रियापद वेगळं. म्हणून शब्द सुटा देऊ नका, त्याच्या सोबत्यासह द्या: 'हेवी रेन', 'मेक अ मिस्टेक', 'डू होमवर्क'.

शिकवलेला शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं परत भेटला पाहिजे. पुठ्ठ्याचा एक खोका, त्यात शब्दकार्डं, तासिकेची पहिली दोन मिनिटं. याहून महागडी सामग्री लागत नाही, आणि चकचकीत तक्त्यांवर रात्र जागवणाऱ्यांना हे पटत नाही.

आकलनाचे फसवे प्रश्न

हे वाचा: 'टिंगळ्या भोंबराने कुरपीला झिपडलं.' कुणी झिपडलं? टिंगळ्या भोंबरानं. कुणाला? कुरपीला. पैकीच्या पैकी गुण, आणि अर्थ शून्य. धड्याखालचे निम्मे प्रश्न याच जातीचे निघाले तर त्यांवर विसंबू नका. निदान एक प्रश्न असा काढा ज्याचं उत्तर उताऱ्यातून उचलता येत नाही: 'कोंबडी तळ्याकाठी का थांबली असेल?'

नेमकं कुठे अडलंय?

गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांतून शब्द काढता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. वर्गात याचा उपयोग असा. मुलाला उतारा समजला नाही, तर तोच तुम्ही वाचून दाखवा. ऐकून समजला, तर ध्वनी आणि अक्षरांवर काम करा. ऐकूनही समजला नाही, तर शब्दांवर आणि वाक्यांवर. उत्तर इंग्रजीत देता येईना, तर मराठीत सांगू द्या. मराठीत बरोबर सांगितलं म्हणजे वाचन झालेलं आहे, कच्चं आहे ते बोलणं. त्याला वाचनात नापास करू नका. आणि पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देणारा मुलगा असेल तर शब्दावर कार्ड ठेवून ते डावीकडून एकेक अक्षर उघडत सरकवा. आठवडाभर रोज पाच शब्द असे उघडले की त्याची नजर शब्दाच्या शेवटापर्यंत जायला लागते.

पाठ पाच मिनिटं आधी संपला तर घाबरून नवे शब्द काढू नका. त्याच उताऱ्यातल्या दोन ओळी जोडीनं पुन्हा वाचून घ्या, आणि ज्याचं बोट चुकीच्या ओळीवर असेल त्याच्याजवळ जाऊन बसा.