डिफ्यूझर लावला, तरी फोटो भगभगीतच का?

समुद्री गोगलगायींचे फोटो काढताना माझं एकच रडगाणं असायचं: चकचकीत पाठीवर पांढराफटक ठिपका आणि खाली काळीकुट्ट सावली. स्ट्रोबची (पाण्याखाली वापरायच्या फ्लॅशची) पॉवर कमी केली, तर फोटो नुसता अंधारला. सावलीची कड तशीच धारदार.

चूक पॉवरची नव्हती, प्रकाशाच्या आकाराची होती. समोरच्या जिवाच्या मानाने प्रकाशाचा स्रोत जितका मोठा, तितकी सावलीची कड विरघळते. म्हणून स्ट्रोबवर दुधी प्लास्टिकचा घुमटाकार डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारं झाकण, बसवला. पहिल्याच डाइव्हला उजेड कुठे जास्त, कुठे कमी! डिफ्यूझर आणि स्ट्रोबच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकला होता. आता पाण्यात उतरलो की डिफ्यूझर काढून, हवा घालवून परत लावतो. (दोरीने बांधलेला असू द्या, माझा एक असाच हातातून निसटला.)

डिफ्यूझर साधारण १ स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, तेवढी पॉवर वाढवली. खरा फरक मात्र स्ट्रोब जवळ आणल्यावर पडला. हातभर लांबून तोच डिफ्यूझर गोगलगायीला टिकलीएवढा. वीतभर अंतरावर आभाळाएवढा. दोन स्ट्रोब पोर्टच्या (लेन्ससमोरच्या जलरोधक काचेच्या) दोन्ही बाजूंना, किंचित बाहेर वळवून ठेवले आणि तो पांढरा ठिपका मवाळला.

पाण्यातले चमकणारे कण मात्र डिफ्यूझरने जात नाहीत, उलट रुंद झोत जास्त कण उजळतो. त्यासाठी स्ट्रोब लेन्सपासून लांब आणि थोडे मागेच न्यावे लागतात. गढूळ पाण्यात वाइड अँगल (मोठा परिसर टिपणारे) फोटो काढताना मी कधीकधी डिफ्यूझर काढूनच ठेवतो.